हेसलबी म्हटलं की ओ कोण देतं

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही सहा वर्षांचे आहात. आजोबांना पुरून घरी येता, आणि चहाला बसताच तुम्हाला आजोबांच्या नावाने हाक मारू लागतात.

कसं वाटेल?

हे घडलेलं आहे. इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये, नोव्हेंबरातल्या एका ओल्या दुपारी, हेसलबी हॉलमध्ये. त्या दिवशी चहा ओतणारी बाई पुढे पुष्कळ जगली. पण ती दुपार सांगताना तिचा आवाज शेवटपर्यंत खाली जायचा.

त्या घरात लॉर्ड मेला की वारस लॉर्ड होई. किताबाबरोबर नावही त्याच्याकडे येई. मग त्याला बायकोसुद्धा 'हेसलबी' म्हणे. असे दहा हेसलबी होऊन गेले होते. दहाही जण लांब दालनात भिंतीवर टांगलेले होते.

मोठी माणसं? छे. पहिल्याने राजाच्या शिकारी कुत्र्यांचे लाड केले, म्हणून किताब मिळाला. दुसऱ्याने गावाच्या गायरानाला कुंपण घालून ते गिळलं. चौथा चाळीस वर्षं संसदेत झोपला. बोलायला एकदाच उठला, तेही आपली हॅट कुणाच्या बुडाखाली आहे ते विचारायला. आणि आज पुरलेला दहावा? त्याला घोड्यांची नावं पाठ होती, नातवंडांची नव्हती.

नाक मात्र सगळ्यांचं एकच. लांब आणि वर उचललेलं.

नऊ वर्षांच्या रोझमंडला यातलं काही मिळणार नव्हतं. मुलीला किताब नसतो. आईवडील केव्हाच गेले होते. तिचं म्हणावं असं एकच माणूस त्या घरात होतं... धाकटा भाऊ लायनेल. आणि आता तो अकरावा हेसलबी होणार होता.

त्याची एक रीत होती. दफनाच्या दिवशी चहाच्या टेबलावर वारसाला नव्या नावाने तीनदा हाक मारायची. तिसऱ्या हाकेला त्याने ओ दिली, की झाला तो हेसलबी.

चहा दालनातच मांडला होता. दफनाला आलेले पाहुणेही टेबलाभोवती बसले होते, मधेमधे खुर्च्या रिकाम्या. लायनेल पाय हलवत केकमधले मनुके वेचून खात होता. टेबलाच्या टोकाला आजोबांची बहीण, लेडी सिबिला. मुलं त्यांना आत्याआजी म्हणत.

"हेसलबी," आत्याआजी म्हणाल्या, "पाय हलवू नकोस."

लायनेलने वर पाहिलंच नाही. हे आपल्याला म्हणताहेत, हेच त्याला कळलं नाही.

पण दालनाच्या अंधाऱ्या टोकाकडून...

"हं?"

म्हाताऱ्या, कंटाळलेल्या पुरुषाचा आवाज.

चहा ओतणारा हात थबकला. बटलर पिमने मान वळवली.

तिकडे कुणी नव्हतं. नुसती भिंत, आणि तसबिरी.

आतापर्यंत ऐकू येणारं घड्याळ... आता ऐकू येत नव्हतं.

रोझमंडने हळूच विनवलं, की आजचा दिवस तरी त्याला लायनेलच म्हणा.

"लायनेल काय, कुणीही असतं," आत्याआजी म्हणाल्या. "घराणं अंगात यावं लागतं, पोरी. तू उद्या लग्न होऊन जाशील, तुला काय त्याचं?" मग आवाज चढवून, "हेसलबी, नीट बस."

"हं?"

"हं..."

"हं?"

या वेळी तीन-चार जण. आणि जवळून. कुणीतरी घसा खाकरला. ओल्या कुत्र्यांचा वास आला...

दालनात कुत्रं नव्हतं.

लायनेलचे पाय थांबले. हातातला मनुका त्याने बशीत ठेवला. पाठ ताठ झाली.

रोझमंडने त्याचा हात धरला. थंडगार.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मोलकरणीकडे पाहावं तसं. मग पिमकडे वळला.

"ही कोण?"

पिम वाकून म्हणाला, "आपली बहीण, लॉर्डसाहेब."

"असेल. नावं राहत नाहीत माझ्या लक्षात."

हा सहा वर्षांच्या मुलाचा आवाज नव्हता.

आत्याआजींना काय ऐकू आलं, देव जाणे. त्या मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, बघा, रक्त बोलतं ते असं. आणि त्यांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं.

माणसं उभी राहिली. त्यांच्यामधल्या रिकाम्या खुर्च्या मात्र... एकेक करून करकरल्या. कुणीतरी बसत होतं.

"हेसलबी," आत्याआजींनी तिसरी हाक मारली.

लायनेलचे ओठ उघडू लागले.

रोझमंडने त्याच्या तोंडावर हात दाबला. मग ती त्या नाकांच्या रांगेकडे वळली, आणि आजवर एकाही मुलीने जिला ओ दिली नव्हती त्या हाकेला, तसल्याच कंटाळलेल्या आवाजात, तिने ओ दिली...

"हं. काय काम आहे?"