वीस संघ आणि पेटीतला कागद

"कागद चोरला! भामरागडचा संघ बाद!"

मूल गावच्या हुतुतू मैदानावर गुणवंतराव धावत आले. भामरागडचा बिरजू सावलीच्या संघाशी फायनल खेळायला उतरत होता.

वीस संघांचे सामने कसे लावायचे हे लिहिलेला कागद वहाब मास्तरांनी खोलीतल्या पेटीत ठेवला होता. मग स्पर्धा गुणवंतरावांवर सोपवून ते आपली विद्यार्थिनी मनकर्णा हिला घेऊन परीक्षेसाठी चांद्याला गेले. आज परतताच त्यांनी कागद मागितला. गुणवंतराव आणायला गेले, तर पेटी रिकामी!

"काल हा बिरजूच खोलीपाशी होता!" गुणवंतराव ओरडले.

"मले पाणी पाहिजे होतं, भाऊ. चार सामने मारून आलो आमी, कागद कायले चोरू?"

सगळ्यांची झडती झाली. गुणवंतरावांनी तर स्वतःचे खिसे आपणहून उलटे केले. भर उन्हात घाम गळत होता. ते बाहीनं पुसत होते.

मनकर्णा मात्र झेंड्यांकडे बघत होती. प्रत्येक विजयानंतर संघ झेंड्याच्या काठीला लाल चिंधी बांधत असे. भामरागडच्या काठीला चार चिंध्या. सावलीच्या काठीला फक्त दोन!

"मुखरूभाऊ, दोनच काऊन?"

"आमाले दोनदा न खेळताच पुढे चाल भेटली," सावलीचा कप्तान म्हणाला. "मामानंच सांगितलं."

"मामा म्हणजे गुणवंतराव! आणि पहिल्या दिवशी सामने किती?"

"दहा."

मनकर्णानं दप्तरातून लॉगच्या कोष्टकांची पुस्तिका ओढली.

"दर फेरीत संघ निम्मे होतात. वीसचा लॉग १.३०१०, दोनचा ०.३०१०. भागले तर ४.३२. म्हणजे फेऱ्या पाच! पाच फेऱ्यांत जागा बत्तीस, संघ वीस. मग बारा संघांना पुढे चाल, तीही पहिल्याच फेरीत; नंतर एकही संघ सुटा उरत नाही. खेळायला उरले आठ. पहिल्या दिवशी सामने हवेत चार. झाले दहा!"

"माझ्या कागदावर चारच होते," मास्तर हळूच म्हणाले.

"तो कागद पाळलाच नाही, मास्तर! वीसचे दहा, दहाचे पाच, पाचाचे तीन, तिनाचे दोन. जिथे एक संघ उरला, तिथे दोन्ही वेळा भाच्याचाच. सावली ताजीतवानी, भामरागड दमलेलं! कागद दिसला असता तर लबाडी उघडी पडली असती."

"पोरगी काईबी बोलून राह्यली! कागद माझ्यापाशी आहे का?"

"खिशात नाई. पण एवढा घाम येऊन राह्यला, भाऊ, टोपी काऊन नाई काढत?"

गुणवंतरावांचा हात टोपीवर गेला. मुखरूनं तो बाजूला केला. टोपी उचलली. घडी घातलेला, घामानं भिजलेला कागद खाली पडला.

"मामा, माही मान खाली घातली तुमी!"

मास्तरांनी शिट्टी फुंकली. भामरागड स्पर्धेत कायम, फायनल उद्या, दोघांना सारखी विश्रांती.

बिरजूनं झेंडा उचलला. मनकर्णानं त्याच्या झेंड्याकडे बोट दाखवलं.

"वर जागा ठेवजा, भाऊ. पाचवी चिंधी लागेल!"