चार वाजेपर्यंतचे वेळापत्रक

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हिंदुराव मगदूम यांनी चहाचा घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि समोर बसलेल्या बाईकडे पाहून विचारले, "वृषाली, साखर कुणी घातली यात? साखर सोडून मला वीस वर्षं झाली."

वृषालीच्या हातातली बशी टेबलावर आदळली. साखरेविषयीचे गाऱ्हाणे तिने ऐकलेच नाही. गेल्या चार वर्षांत वडिलांच्या तोंडून तिने स्वतःचे नाव ऐकले नव्हते. या काळात ती त्यांच्या लेखी कधी परिचारिका होती, कधी शेजारीण, आणि एकदा तर विनातिकीट बसलेली प्रवासी.

"बघतीस काय अशी? मी भूत आहे काय?"

"नाही आबा. दुसरा चहा करते."

"राहू दे. केलाय तर पितो."

अर्ध्या तासापूर्वी त्यांच्या दंडात जे औषध टोचले गेले होते, त्याला 'उन्मेष' म्हणत. स्मृतिक्षयाच्या रोगात मेंदूतल्या सगळ्याच पेशी मरत नाहीत. पुष्कळशा नुसत्या निपचित पडलेल्या असतात, हे कळल्यानंतर त्यांना एकदम जागे करणारे हे द्रव्य तयार झाले होते. मात्र ही जाग फुकट मिळत नव्हती. "जाग आल्यापासून नऊ तास," डॉक्टर शेणोलीकरबाईंनी बजावले होते. "त्यानंतर या पेशी थकून कायमच्या मिटतात. दुसरी मात्रा आजवर कुणालाच लागू पडलेली नाही. आज ते जसे आहेत, त्याहून थोडे अधिकच हरवतील."

"पण नऊ तास पूर्ण शुद्धीवर असतील?"

"पूर्ण. म्हणूनच म्हणते, विचार करून सही करा. शुद्धीवरचा माणूस प्रश्न विचारतो."

वृषालीने विचार केला होता, आणि त्या विचाराचे फळ टेबलावरच्या कागदावर होते. कोल्हापुरातून निघून दिवसभरात अकरा ठिकाणी जायचे. रंकाळा, आबांची शाळा, त्यांचे जुने बसआगार, पन्हाळा, कागलची आक्का, असे करत करत अखेर घाटाखाली पाणसोळे. पाणसोळे हे आईचे माहेर. 'आईची भेट, सव्वाचार,' असे तिने शेवटच्या ओळीत लिहिले होते.

औषधाचा अंमल चारला संपणार होता आणि आई चौदा महिन्यांपूर्वी वारली होती.

तो कागद म्हणजे वृषालीने बांधलेला बंधारा होता. आबांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी असे पळवायचे, की नऊ तासांत त्यांना एकच एक प्रश्न विचारायला सवड मिळू नये. विचारलाच, तर 'पुढे भेटणार आहे' हे उत्तर तयार असावे. जो दिवस त्यांना पुन्हा लाभणार नव्हता, तो शोकात बुडू द्यायचा नाही, असा तिचा निश्चय होता. हा निश्चय पोकळ आहे हे तिलाही कळत होते, पण दुसरा तिच्यापाशी नव्हता.

"तुझी आई कुठंय?" आबांनी कप खाली ठेवत विचारले.

"पाणसोळ्याला. मामाच्या नातवाचं बारसं आहे. आपण दुपारनंतर पोचतोय तिथं. हे बघा, सगळं लिहून ठेवलंय."

आबांनी कागद हातात घेतला, तेव्हा वृषालीला आपली चूक कळली. कारण हिंदुराव मगदूम एकतीस वर्षे तालुक्याच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते, आणि वेळापत्रक हातात आले की ते वाचून खाली ठेवणे त्यांना ठाऊक नव्हते.

"अकरा ठिकाणं, नऊ तास. कुठल्या गाढवानं केलंय हे?"

"मी केलंय."

"मग गाढवीण म्हणायला पाहिजे. पेन्सिल दे."

गाडी सुरू झाली. ती आपली आपण चालणारी होती. सुकाणूच्या जागी नुसती फळी होती. फळीवर कागद पसरून आबांनी कामाला हात घातला.

"रंकाळा काढ. पाणी आहे, पाणीच असणार. शाळाही काढ. पाडली असेल एव्हाना."

"पाडली नाही आबा, आहे अजून."

"मग पाडायला हवी होती. आमच्या वेळेपासून गळत होती."

"पन्हाळा तरी ठेवा. मला खांद्यावर घेऊन चढला होतात तुम्ही."

"मग आज काय मी तुझ्या खांद्यावर बसू?"

वृषाली हसली आणि हसता हसता तिने घड्याळाकडे पाहिले. एकेक नाव खोडले जाई, तशी शेवटची ओळ वर सरके. सव्वाचारचे पाणसोळे पावणेतीनवर आले, मग दीडवर. ती भांडू लागली, विनवू लागली. आक्का रडेल, ती म्हणाली. "आक्काकडं गेलं की जेवल्याशिवाय सुटका नाही, दोन तास गेले," आबा म्हणाले आणि त्यांनी आक्काला फोन लावायला सांगितला. नव्वदीला टेकलेली आक्का भावाचा आवाज ऐकून पलीकडे बराच वेळ नुसती "अरे हिंद्या, अरे हिंद्या" करत राहिली. पुढचे काही ती बोलून जाण्याआधी वृषालीने फोन काढून घेतला.

आगाराच्या नावावर पेन्सिल थबकली. "तिथं दहा मिनिटं थांबू या," वृषाली घाईने म्हणाली. "दहा काय, तासभर थांबू. तुमची खोली बघा, माणसं बघा."

"तासभरच जाईल. मी ओळखतो मला." त्यांनी ते नावही खोडले. "पोरी, तू मला हे सगळं बघायला उठवलंस, हे मला कळतंय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं सकाळी, चार वाजेपर्यंत आहे म्हणून. अरे, चारच वाजेपर्यंत आहे, तर मी शाळा बघत बसू काय? सरळ पाणसोळ्याला घे. तिच्यापाशी बसतो. तिला पाच तास मिळतील."

गाडी गगनबावड्याच्या रस्त्याला लागली. वृषालीने गाडीला हळूच वेग कमी करायला सांगितले, पण कळे गाव मागे पडेपर्यंत आबांनी ते ओळखले आणि गाडीलाच दटावले, "चाळिसानं काय चाललीस? बैल जुंपलेत का?" गाडीने निमूटपणे वेग वाढवला. कुणाचाही आवाज तिला चाले.

गगनबावड्याला घाटाच्या तोंडाशी धुके होते. ते विरळ होईपर्यंत गाडी खाली उतरेना, म्हणून दोघे एका टपरीत शिरली. साडेदहा वाजले होते. टपरीवाल्या मावशींनी न विचारताच दोन चहा पुढे ठेवले.

"तुझ्या आईला फोन लाव," आबा म्हणाले. "निघालोय म्हणून सांग. चुलीवर काहीतरी ठेवील."

"घाटाखाली फोन लागत नाही आबा."

"मग मामाला लाव. त्याचं घर वर आहे."

"मामा शेतात असेल आता."

"बारसं ना आज त्याच्या घरी?"

आबांनी खिशातून तो कागद काढला, बाकावर पसरला आणि हाताने सारखा केला. आवाज न चढवता ते बोलू लागले.

"चौकशीच्या खिडकीत मी एकतीस वर्षं बसलोय. गाडी रद्द झाली, की बाहेरच्या लोकांना आम्ही काय सांगायचो, ठाऊक आहे? येतीय, फाट्यापर्यंत आलीय, बसा. शिव्या चुकवायला नव्हे. समोर एखादी म्हातारी गाठोडं घेऊन बसलेली असायची. तिच्या तोंडाकडं बघवायचं नाही म्हणून. तो आवाज मला पाठ आहे. सकाळपासून तू त्या आवाजात बोलतीयस." त्यांनी कागदावर बोट ठेवले. "आणि हे बघ. अकरा ठिकाणांत कुठं पाच मिनिटं थांबायला जागा नाही. असं वेळापत्रक कुणी चालवायला लिहीत नाही. मार्गावर गाडीच नसली, म्हणजे असं लिहितात."

धुक्यातून एक मालट्रक भोंगा वाजवत वर आला आणि निघून गेला.

"कधी गेली?"

"चौदा महिने झाले. श्रावणात. हृदय. झोपेतच गेली. त्रास झाला नाही तिला."

"मी होतो?"

"होतात."

"अग्नी कुणी दिला?"

"तुम्हीच दिलात आबा." यापुढचे सांगू नये असे तिला वाटत होते, पण ज्याने एका वाचनात तिचे वेळापत्रक उकलले, त्याच्यापुढे आणखी एक लपवालपवी करण्याचे बळ तिच्यात उरले नव्हते. "अग्नी दिलात आणि मला विचारलंत, 'कुणाचं मयत आहे हे? माणसं बरीच जमलीत.'"

आबा आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले.

"नंतर किती वेळा सांगितलंस?"

"तीनदा. दर वेळी तुम्हाला ते पहिल्यांदाच कळायचं. तिसऱ्या वेळी दोन दिवस अन्नाला शिवला नाहीत. मग मी… बाजारात गेलीय म्हणायला लागले. तुम्ही लगेच शांत व्हायचा. आबा, मी आज तुम्हाला का उठवलं? मला एकदा फक्त माझ्या नावानं हाक मारून घ्यायची होती. बस्स. आणि ते तर सकाळी सात वाजताच झालं. बाकीचा दिवस मी नुसती पळत होते."

आबा उठले. टपरीमागे पाण्याचे पिंप होते, तिकडे गेले. "मावशी, एक बादली द्या. मयताची बातमी कळली. अंघोळ करायची आहे."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिले, वृषालीकडे पाहिले, आणि काही न विचारता बादली व तांब्या आणून दिला. मयताची बातमी कितीही उशिरा कळली, तरी कळताक्षणी डोक्यावरून पाणी घ्यावे लागते, हे त्यांना सांगावे लागले नाही. त्या डोंगरावरच्या गार हवेत सदरा-विजारीसकट हिंदुरावांनी अंगावर तांब्यामागून तांब्या ओतला, आणि कितव्या तांब्यानंतर ते रडू लागले, हे पाण्यामुळे कुणालाच कळले नाही.

पाणसोळेही खोडले गेले. कागदावर एकही ठिकाण राहिले नाही. धुके विरले, गाडीने दोनदा सूचना दिली. दोघे टपरीतच बसून राहिली. मावशींनी आपल्या नवऱ्याचे धोतर आणून दिले, भाकरी वाढली. आबा बायकोच्या शेवटच्या महिन्यांविषयी तपशिलाने विचारत राहिले: काय खायची, कुणाशी भांडली, माझ्यावर चिडायची का. वृषालीने सांगितले, की आई रोज सकाळी त्यांना आपले नाव सांगायची आणि नमस्कार करून म्हणायची, आपली ओळख झाली, बरं झालं. त्यावर आबा हसले. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी निघाली, तेव्हा नवऱ्याच्या नोकरीचा फुकट पास असताना तिने वाहकाकडून रोख तिकीट घेतले होते, हे त्यांनी वृषालीला सांगितले. "म्हणाली, पासावर गेले तर तुमची बायको म्हणून जाईन. मला पहिल्यांदा माझी मी जायचं आहे."

तीन वाजता त्यांना किटलीचे नाव आठवेना. त्यांनी बोट दाखवले, थांबले, आणि बोट मागे घेतले.

"सुरू झालं," ते म्हणाले. "ऐक. चारनंतर मी विचारीन. तेव्हा खरं सांगायचं."

"आबा, तुम्ही दिवसातून पाच वेळा विचारता."

"मग पाच वेळा सांग."

"रोज पाच वेळा तुमची बायको मारू मी?"

"तिला मारतेस कुठं? बाजारात पाठवून तू मला मारतेस. ज्याला खरं सांगण्यात अर्थ राहिला नाही असं घरच्यांनीच ठरवलं, तो माणूस जिवंत आहे असं कसं म्हणायचं? आणि तिचं काय? चौदा महिने झाले आणि तिच्या नवऱ्यानं तिच्यासाठी आज पहिल्यांदा पाणी घेतलं. उद्या हेही पुसलं जाईल."

"पण उद्या रडणारे तुम्ही नसाल!" वृषाली ओरडली. टपरीवाल्या मावशींनी वळून पाहिले. "तुम्ही शब्द घेणार आणि जाणार. मागं राहणार तो म्हातारा आणि मी. त्याला काहीच आठवत नाही आबा. त्याला नुसतं दुखतं. त्याच्या वतीनं बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

जन्मभर वाद घालून कधी न हरलेला तो माणूस मान हलवत म्हणाला, "हे बरोबर आहे. याला माझ्याजवळ उत्तर नाही." मग त्यांनी हात पुढे केला. "तरी शब्द दे."

उत्तर नसतानाही पुढे आलेला तो हात तिला नाकारता आला नाही. तिने शब्द दिला.

चार वाजायला थोडा अवकाश असताना ते तिचे नाव घेऊ लागले, सारखे, हलक्या आवाजात, एखादे ओझे उतरवण्याआधी घट्ट धरावे तसे. वृषाली. वृषाली. मग त्यात एक अक्षर चुकले. मग ते थांबले.

चार वाजून सहा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावरचा ताण सैलावला होता, कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. दरीत पसरलेल्या उन्हाकडे त्यांनी कौतुकाने पाहिले आणि शेजारच्या बाईकडे वळून, अनोळखी स्त्रीशी बोलताना ठेवावा तेवढा आदर राखून विचारले, "बाई, आमची मंडळी दिसली का हो कुठं? आत्ता इथंच होती."

त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती, दुःख नव्हते. बायको कुठल्याही क्षणी येईल, एवढी साधी खात्री होती. वृषालीने त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. ज्याला तिने शब्द दिला होता, तो माणूस सहा मिनिटांपूर्वी निघून गेला होता. ज्याला त्या शब्दाचा घाव सोसायचा होता, तो तिच्याकडे पाहून हसत होता. या दोघांपैकी तिचे वडील कोण?