उजेडात धागा तुटतो

हे वाचून कोणी म्हणेल, पोरीने बनवून लिहिलंय. म्हणा. मी त्या खोलीत स्वतः बसले होते, मला कोणाला पटवून द्यायचं नाही. लिहितेय ते एवढ्याचसाठी की घरात हा विषय काढला की आई टीव्हीचा आवाज वाढवते, आणि मनात ठेवलं तर मला झोप लागत नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

वसईचं पाचूबंदर. काठ्यांवर बोंबील वाळत टाकलेले, किनाऱ्याला बोटी लागलेल्या आणि डोळे उघडे ठेवता येणार नाहीत असं ऊन. अशा उन्हात, तिथल्या एका गल्लीतल्या घरात हे घडलं.

मी संपदा. आम्ही मूळचे कणकवलीकडचे, राहायला वसईजवळ जूचंद्रला. एलिसा माझी कॉलेजमधली मैत्रीण. दोघी फॅशन डिझाइनला होतो. तिच्या डॅडींची, एरॉल अंकलची, बोट आहे. क्लारा आंटी, म्हणजे तिची मम्मी, वसईच्या बाजारात मासळी विकायच्या. एलिसा लहानपणापासून डॅडींसोबत जाळी विणायला बसलेली, त्यामुळे तिच्या बोटांना गाठ कधी शिकवावी लागली नाही. वर्गात आम्ही सुईत दोरा ओवेपर्यंत तिचं अर्धं काम झालेलं असायचं.

शेवटच्या वर्षी आमची स्टडी टूर फ्रान्सला गेली. जुने फ्रेंच पोशाख आणि कापडावरची हातकामं, असा विषय होता. म्युझियममध्ये काचेमागे रेशमी झगे पाहिले. श्वास घेता येणार नाही इतक्या आवळलेल्या कमरा पाहिल्या. रेशमाचे माग पाहिले. एलिसा प्रत्येक काचेला नाक लावून उभी राहायची. तिचं केल्विनशी लग्न ठरलं होतं, आणि स्वतःच्या लग्नाच्या गाऊनची व्हेल, म्हणजे डोक्यावरून सोडतात ती जाळी, तिला स्वतः करायची होती.

मग आम्हाला एका छोट्या गावी नेलं. नाव मुद्दाम लिहीत नाही.

तिथे लेस विणायचे. एका कडक गोल उशीवर टाचण्या टोचायच्या, धागे लाकडाच्या बारीक दांड्यांना गुंडाळायचे आणि त्या दांड्या एकमेकींवरून टाकत जायचं. दांडीवर दांडी आपटली की आवाज येतो.

टक. टक. टक.

जुन्या घराच्या तळघरात आम्हाला उतरवलं. भिंतींना पाणी सुटलेलं. तिथली गाईड म्हणाली, सर्वात बारीक धागा कोरड्या हवेत टिकत नाही, म्हणून मुलींना इथे बसवायचे. ओलीत. अंधारात. बोटांच्या अंदाजाने काम करायच्या त्या, आणि त्यांचे डोळे फार लवकर जायचे.

आम्ही सगळे वर आलो. थंडीने हात चोळत उभे होतो, तेव्हा लक्षात आलं…

एलिसा नव्हती.

मी परत खाली गेले. दिवा बंद झाला होता. मोबाईलचा टॉर्च लावला तर कोपऱ्यातल्या बाकावर ती बसलेली. पाठ ताठ. दोन्ही हात पुढे, हवेत.

"एलिसा! चल ना, बस सुटेल."

तिने दचकून वर पाहिलं. "अगं, त्या बाई शिकवत होत्या."

"कोण बाई?"

"आत्ता होत्या की. मागे बसून माझे हात धरले होते."

"तुला त्यांची भाषा कळली?"

"बोलल्या कुठे? हातांनीच सांगत होत्या."

वर येऊन मी गाईडला विचारलं. ती म्हणाली, खाली शिकवायला कोणी बसत नाही. कधीच नाही.

बसमध्ये आम्ही यावर हसलो. हो, हसलो. एलिसाही हसली. पण हसताना तिची बोटं मांडीवर हलत होती.

परत आल्यावर ती व्हेलच्या मागे लागली. वसईतल्या सुताराकडून दांड्या करून घेतल्या, उशी स्वतः भरली. सुरुवातीला मला फोटो पाठवायची. कोळ्यांच्या घरातल्या पोरीने दाराशी बसून, जाळ्यांच्या ढिगाशेजारी, फ्रेंच लेस विणायला घेतली होती. एरॉल अंकल येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे.

मग फोटो यायचे थांबले.

मग फोन.

मार्चमध्ये क्लारा आंटीचा फोन आला. आवाज असा की मी लगेच रिक्षा पकडली.

"बघ ना गो तिला," दारातच त्या म्हणाल्या. "जेवायला पन भायेर येत नाय. खिडकी उघडू देत नाय. आनि ह्या भिंतीला हात लाव."

मी एलिसाच्या खोलीच्या भिंतीला बाहेरून हात लावला. बाहेर ऊन रणरणत होतं. भिंत बर्फासारखी गार होती, आणि हाताला पाणी लागलं.

समुद्राकाठची घरं दमट असतात, मला माहीत आहे. पण हा वास खाऱ्या पाण्याचा नव्हता. ओल्या दगडाचा होता. त्या तळघरात मी तो घेतला होता.

आतून आवाज येत होता.

टक. टक. टक.

मी दार ढकललं. खिडकीला काळी चादर ठोकलेली, फटींत कापडं कोंबलेली. मागे दार लोटलं गेलं आणि काहीच दिसेना.

"ये संपदा. लाईट नको लावू."

"अगं दिसतं तरी का तुला?"

"उजेडात धागा तुटतो."

मी चाचपडत पलंगाच्या कडेला बसले. ती विणत राहिली. मी ऐकत राहिले. हळूहळू मला काहीतरी खटकायला लागलं…

एका माणसाचा हात थांबला की आवाज थांबायला हवा. एलिसा माझ्याशी बोलताना थांबत होती. टाचणी लावताना थांबत होती.

आवाज थांबत नव्हता.

मला सहन झालं नाही. मी टॉर्च लावला.

क्षणभर ती लेस दिसली. पलंगावरून जमिनीवर उतरलेली आणि जमिनीवरून कोपऱ्यापर्यंत गेलेली. इतकी बारीक की धुकं पडल्यासारखी. आणि माझ्या डोळ्यांदेखत उशीवरचा धागा तटकन तुटला.

एलिसा किंचाळली.

आणि कोपऱ्यात… कोणीतरी दातांवरून श्वास आत ओढला. काम बिघडलं की जुन्या शिक्षिका ओढतात तसा.

टॉर्च कोपऱ्याकडे वळवायची माझी हिंमत झाली नाही. मी बाहेर पळाले.

एरॉल अंकल दारातच जाळं सांधत बसले होते. माझा चेहरा बघून उठले. आत गेले आणि उशी, दांड्या, सगळी लेस एका पोत्यात भरून बाहेर आले.

आम्हाला वाटलं एलिसा आकांत करेल. ती पलंगावर शांत बसली होती.

"न्या डॅडी," ती म्हणाली. "आता लागत नाय ती."

भरती होती. अंकलनी बोट काढली. मी आणि आंटी दाराशी बसून राहिलो. आंटीच्या हातात रोजरी होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. दिवेलागणीला अंकल परत आले.

"खोल पान्यात टाकली," ते म्हणाले. "दगड बांधून."

आंटीनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

तेवढ्यात आतून…

टक. टक. टक.

आम्ही तिघं आत गेलो. अंकलनी लाईट लावली. एलिसा पलंगावर बसली होती. समोर उशी नाही, दांड्या नाहीत, धागा नाही. मोकळे हात हवेत फिरत होते, आणि लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज त्या मोकळ्या हातांतून येत होता.

अंकल दारातच खाली बसले. समुद्रावर उभं आयुष्य काढलेला माणूस… लहान पोरासारखा रडायला लागला.

"डॅडी, रडता कशाला?" एलिसाने विचारलं. ती भिंतीकडे बघून विचारत होती. डॅडी दुसऱ्या बाजूला होते.

तिला दिसत नव्हतं.

पुढचे महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते. वसईतले डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. तपासण्यांत डोळे चांगले निघाले. मनाचं आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. फादर येऊन प्रार्थना करून गेले, पवित्र पाणी शिंपडलं. ते पाणी त्या भिंतीवर वेगळं ओळखूसुद्धा आलं नाही. आंटीनी नवस केले, उपास केले, बाजारात जाणं सोडलं.

केल्विन येत राहिला. तो वाईट मुलगा नाही, त्याच्याबद्दल कोणी काही बोललं की मला राग येतो. एका दुपारी तो तिच्याजवळ बसला आणि तिचे हात हातात घेतले. थोड्या वेळाने झटक्यात सोडवून बाहेर आला. चेहरा पांढराफटक.

"ती माझी बोटं वळवत होती, संपदा," तो म्हणाला. "लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवतात ना… तशी."

त्यानंतर तो जहाजावर नोकरीला गेला. अजून परतलेला नाही.

एलिसाचे हात झोपेतही थांबायचे नाहीत. बोटांची टोकं सोलवटली होती. पट्ट्या बांधल्या तर पट्ट्यांच्या आत हलायची. मग आंटीनी एक उपाय काढला. तिच्या मागे बसायचं, तिला छातीशी घ्यायचं आणि दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरायचे. तेवढ्यापुरता आवाज थांबायचा, पोरगी झोपायची.

"आई हाय मी तिची," आंटी मला फोनवर म्हणाल्या. "मी नाय धरनार तर कोन धरनार?"



आता शेवटची भेट. पावसाळा संपला होता. मी दुपारचीच गेले.

घरात शिरताच जाणवलं… आवाज नाही.

खोलीची खिडकी सताड उघडी होती. काळी चादर गेली होती. पलंगावर ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात एलिसा बसली होती. हात मांडीवर. स्थिर. इतक्या महिन्यांत मी ते हात स्थिर पाहिले नव्हते. भिंतीला हात लावला. कोरडी, कोमट.

खरं सांगते, मला आनंदाने रडू आलं. वाटलं, सुटली.

"एलिसा, बरं वाटतंय?"

"हो."

"ती… गेली?"

एलिसाने माझ्या आवाजाकडे तोंड केलं. ऊन थेट डोळ्यांत पडत होतं, पण पापणी लवली नाही. त्या उघड्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मम्मीला सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "माझे हात धरू नकोस. किती वेळा सांगितलं. तिने ऐकलंच नाय."

"म्हणजे काय?"

तिने एक हात माझ्या दिशेने पुढे केला. मी तो घेतला नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

क्लारा आंटी चहा ठेवत होत्या. ओट्यासमोरची खिडकी पश्चिमेला आहे. उतरतं ऊन पूर्ण त्यांच्या चेहऱ्यावर होतं. फरशी चमकत होती, भिंतीवरची तांब्याची भांडी चमकत होती. बाहेर कोणीतरी बोंबील गोळा करत गाणं म्हणत होतं.

आंटीचा हात ओट्यावर फिरत होता. लायटर त्यांच्या समोर होता. हात त्याच्या बाजूने गेला, परत आला, पुन्हा बाजूने गेला.

मी दारात उभी राहिले. 

माझी चाहूल लागली तशा त्या थांबल्या. मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या भिंतीकडे.

"संपदा… लाईट गेली काय गो?"

मी खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"हो आंटी," मी म्हणाले. "गेलीय."