त्या वर्षी इथे कोणी नव्हतं

त्या दिवशी काम तसं साधंच होतं. इर्माबाईंचं वाचन टेप करायचं, बस्स. तळ्याकाठच्या आमच्या गावाला दीडशे वर्षं होत होती. जर्मनीहून आलेल्या पहिल्या कुटुंबांचा इतिहास बाईंनी लिहिला होता आणि मी गावच्या रेडिओवर तंत्रज्ञ. शाळेत मला बाईंनीच शिकवलेलं. अजूनही आडनावानंच हाक मारायच्या.

"इमिलपान, सफरचंदाचा केक आणलाय. आधी खा, नाहीतर माझ्या वाचनात तुझं पोट बोलेल."

दुपारचे तीन वाजले असतील. तळ्यावरचं धुकं खिडकीला येऊन टेकलं होतं. शेगडीत ओलं लाकूड फुसफुसत होतं. मी हेडफोन चढवले, बाई वाचू लागल्या.

"नोव्हेंबरात तीस कुटुंबं किनाऱ्यावर उतरली. चहूकडे घनदाट अरण्य. मनुष्यवस्ती नव्हती."

कोणीतरी खाकरलं.

"बाई, परत घेऊ. तुम्ही खाकरलात."

"मी? नाही रे."

परत घेतलं. त्याच वाक्यानंतर, खूप लांबून, लाकडावर कुऱ्हाड पडल्याचा आवाज. एक कुत्रं भुंकलं. एक मूल खिदळलं आणि कोणीतरी त्याला गप्प केलं. खिडकी बंद होती, तरी गरम राखेत भाजलेल्या बटाट्यांचा वास आला. हेडफोन काढले की सगळं शांत. चढवले की ते सगळं आणखी जवळ...

भीती अशी वाटलीच नाही. लहानपणी झोप लागता लागता शेजारच्या खोलीतली मोठ्यांची कुजबुज ऐकू यावी, तसं अंग सैल झालं होतं. मग हेडफोनमध्ये एक म्हातारी आमच्या भाषेत बोलली, जर्मन येण्याआधीपासून इथे राहणाऱ्यांच्या. त्या भाषेतले मला जेमतेम चाळीस शब्द उरलेत. हे दोन त्यांतलेच होते.

"कोण म्हणतं?"

बाईंच्या कानांवर हेडफोन नव्हते. तरी त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"तुलाही... ऐकू आलं?"

"तुम्हाला कसं आलं, बाई?"

"हे वाक्य मूळ वडिलांचं. दर समारंभात ते मोठ्यानं वाचायचे, तेव्हापासून येतं."

त्यांनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. त्यांच्या पणजोबांच्या रोजनिशीतलं पान. पहिल्या हिवाळ्यात जर्मनीहून आलेली माणसं उपाशी मरत होती, तेव्हा ओढ्यापलीकडच्या लोकांनी बटाटे आणून दिले. खाली त्या लोकांची नऊ नावं, पणजोबांना जमली तशी लिहिलेली.

"आणि पुढे?"

"वसंतात शेतासाठी जंगल पेटवलं. ओढ्यापलीकडचंही. त्यानंतरच्या पानांवर ही नावं नाहीत." बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. "वडील म्हणायचे, समारंभात हे वाचायचं नसतं."

मी कागद पाहिला. "यात एक इमिलपान आहे, बाई."

"माहीत आहे. म्हणून तर पहिल्या दिवसापासून तुला आडनावानं हाक मारली. निदान तेवढं तरी..."

त्यांनी 'मनुष्यवस्ती नव्हती' हे वाक्य खोडलं. बटाट्यांचं वाचलं, आगीचं सांगितलं, मग नऊ नावं, एकेक करून. आता कुऱ्हाड नव्हती, कुत्रं नव्हतं. फक्त पुष्कळ माणसांचा श्वास ऐकू येत होता, अगदी कानाशी, जणू सगळी वाकून ऐकत होती.

ते रविवारी रेडिओवर लागलं. समारंभातल्या पुढच्या रांगेतून बाईंचं नाव काढण्यात आलं. ते लागलं तेव्हा मी क्लोरिंदाआत्याकडे होतो. पाऊस धोधो कोसळत होता. रेडिओवरच्या प्रत्येक नावाला आत्या हजेरी द्यावी तशी पुटपुटत होती, "आहे... आहे..."

शेवटी म्हणाली, "दहा."

"नऊ, आत्या. मी स्वतः टेप केलंय."

"मला शिकवतोस?"

टेप माझ्या पिशवीतच होती. लावली. नऊ नावं झाली, मग नुसती खरखर. आत्यानं बोट वर केलं.

"हे बघ. दहावं."

मला काहीच ऐकू आलं नाही. "कोणाचं?"

"कागदावर लिहायचं राहिलं, त्याचं." नाव मात्र ती सांगेना. उठली, कडी काढून दार सताड उघडलं आणि परत येऊन बसली.

"आत्या, पाऊस आत येतोय!"

"मग? पावसात बाहेर उभं ठेवायचं का?"

दारात कोणी नव्हतं. पण शेगडीपाशी झोपलेलं कुत्रं उठलं, शेपूट हलवली आणि कोणाला तरी बसायला जागा करून द्यावी तसं बाजूला सरकून पडलं.