मेणाने बुजलेला कान

आश्विन शुद्ध नवमीच्या पहाटे किल्ले भुजंगकड्याखालची दरी धुक्याने काठोकाठ भरली होती, आणि त्या धुक्याआड चार महिने तळ देऊन बसलेली मोगली छावणी डोळ्यांना दिसत नसली, तरी उंटांच्या ओरडण्यावरून आणि मधूनच झडणाऱ्या नौबतीवरून ती जागची तसूभरही हललेली नाही, हे तटावरच्या प्रत्येक पहारेकऱ्याला कळत होते. वेढ्यात माणूस आधी भुकेने खंगतो आणि मग संशयाने, असे जुने लोक सांगत. भुजंगकड्याची कोठारे अजून भरलेली होती, म्हणून इथे संशयाची पाळी आधी आली. महिन्याभरात गडकऱ्यांनी दोनदा छापा घातला आणि दोन्ही वेळा गनीम वाटेवर दबा धरून सज्ज बसलेला निघाला. गडावरून कोणीतरी खबर देत होते. कोण ते ठाऊक नसल्यामुळे जो तो शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने पाही आणि आपल्याकडे कोणी तसे पाहिले की मिशीवर ताव देई.

तो दिवस खंडेनवमीचा. गडावरची झाडून सारी हत्यारे आदल्या दिवशीच शिलेखान्यात ओळीने मांडून, शेंदूर-फुले वाहून पूजेला बसवलेली. दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा शिरस्ता. सूर्य कासराभर वर आला तेव्हा किल्लेदार रायाजीराव वाघमोडे भवानीच्या देवळापुढे आरतीचे तबक घेऊन उभे होते. आरतीच्या ऐन गजरात एकच बार झाला. ज्या दिवशी गडावर एकही बंदूक हातात असायची नाही, त्या दिवशी किल्लेदार छातीत गोळी लागून देवीच्या पायरीवर कोसळले आणि पाणी मागण्याआधीच गेले.

मग काय, गर्दी, आरडाओरडा, धावाधाव. घटकाभराने देवळामागच्या तटाखाली एक बंदूक सापडली. तिच्या दस्त्यावर चांदीची चंद्रकोर जडवलेली होती, आणि ती बंदूक कोणाची हे सांगायला पाटील-कुलकर्ण्यांची गरज नव्हती. ती धोंडजी सणसाची. धोंडजी म्हणजे दर्याबुरुजावरचा गोलंदाज, ज्याच्या नेमाच्या भयाने गनीम चार महिने गडाची सोंड, म्हणजे तटापर्यंत येणारी डोंगरधार, चढू धजला नव्हता. बंदुकीची रंजकवाटी, म्हणजे जिथे चिमूटभर दारू ठेवून बत्ती देतात ती जागा, काळीकुट्ट झाली होती. त्यात आरतीच्या वेळी धोंडजी देवळापाशी नव्हता, आणि आदल्याच दिवशी भर सदरेवर किल्लेदारांशी भांडताना तो ओरडला होता, "या आंधळ्या विश्वासापायी एक दिवस जीव गमवाल, राव!" हे पन्नास माणसांनी ऐकले होते.

किल्लेदारांच्या मागे गडाचा अखत्यार सरनौबत बाळोजी शितोळ्यांकडे आला. माणूस करारी, बोलणे कुऱ्हाडीच्या घावासारखे. त्यांनी बंदूक आपल्या मोहरेने बंद करून सदरेवरच्या पेटीत ठेवली आणि निवाडा सांगितला, "सूर्य माथ्यावर आला की कडेलोट. वेढ्यातल्या गडाला फितुरीचा संशय सुद्धा परवडत नाही."

दर्याबुरुजाची टोळी मोठी नव्हे. म्होरक्या सटवोजी नाईक, साठीचा, एका कानाने बहिरा. दारू कुटणारा इब्राहीम, ज्याची बोटे गंधकाने कायमची पिवळी झालेली. आणि कोंडाई, एका मेलेल्या गोलंदाजाची विधवा, जी तोफा-बंदुकांची जामगी, म्हणजे बत्ती द्यायची वात, वळी, बंदुका पुशी आणि टोळीतल्या साऱ्यांना सारख्याच मापाने शिव्या देई. यांचा चौथा गडी म्हणजे धोंडजी.

सटवोजी कोठडीपाशी गेला. धोंडजी गजांना धरून ओरडत होता, "मी नाही! आई भवानीची आण, मी नाही!" म्हाताऱ्याला पाहून तो खालच्या आवाजात म्हणाला, "नाईक, दोन दिवस बालेकिल्ल्यावरून दरीत आरशाची तिरीप पडताना बघितली मी. जागा नेमकी कळली नाही. किल्लेदारांना सांगितलं, तर म्हणाले, माझ्या माणसांवर माझा विश्वास आहे. त्यावरून भांडण झालं. आज सकाळी पुन्हा तिरीप बघायलाच मी बुरुजावर गेलो होतो."

"एकटाच?"

"एकटाच." धोंडजीने म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. "तुम्हालाही वाटतं, नाईक?"

सटवोजीला खोटे बोलवेना आणि खरे सांगवेना. ज्याला हाताला धरून नेम शिकवला, त्याच्यावर म्हाताऱ्याचा त्या क्षणी पुरता विश्वास नव्हता, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

"माझं ऐका," धोंडजी म्हणाला, "सरनौबतांना काही सांगू नका. बालेकिल्ल्यावर राहतं कोण? तेच राहतात. आणि मला मारायची घाई कोणाला आहे?"

म्हातारा परत आला तो मान खाली घालून. शिलेखान्याच्या ओट्यावर इब्राहीम आणि कोंडाई बसले होते. त्याने सगळे सांगितले. कोंडाई जागच्या जागी ताठ झाली.

"अवं नाईक, पर ती बंदूक सुटंलच कशी?" ती म्हणाली. "परवा संध्याकाळी मी समद्या बंदुकांच्या कानांत मेण भरलंय!"

हा त्यांच्या टोळीचा घरचा रिवाज. बंदुकीच्या नळीला बाजूने बारीक छिद्र असते, त्यातून रंजकाची आग आतल्या दारूला भिडते. त्या छिद्राला गोलंदाज कान म्हणत. चार वर्षांमागे पूजेचा शेंदूर आणि तेल त्या कानांत शिरले आणि दसऱ्याच्या सलामीला निम्म्या बंदुका फुसफुसल्या. साऱ्या गडापुढे नाचक्की झाली. तेव्हापासून पूजेआधी कोंडाई प्रत्येक कान मेणाने बुजवी, आणि लाजेची गोष्ट म्हणून टोळीबाहेर कोणी त्याची वाच्यता करीत नसे.

"मेण जागच्या जागी असेल तर बंदूक सुटलीच नाही," इब्राहीम पुटपुटला. "नाईक, पेटी सरनौबतांपाशी आहे. त्यांना आधी कळलं आणि तेच चोर निघाले, तर सुईच्या एका टोचणीत मेण गायब."

"तर मग सगळ्यांदेखत," सटवोजी उठला.

तेवढ्यात कारखानीस राघोपंत आले. कोठारे त्यांच्या ताब्यात. सबनीस महिन्यापूर्वी हिवतापाने वारल्यापासून दप्तरही तेच सांभाळीत, म्हणून गडावर लेखणी-दौत बाळगणारे तेवढे एकच. बोलणे मधासारखे. "नाईक, पोर निरपराध आहे, माझं मन सांगतं. मी सरनौबतांपाशी शब्द टाकतो. फक्त तुमच्या हाती पुरावा काय आहे, तेवढं सांगा."

सटवोजीचे मन विरघळले. तो तोंड उघडणार, तोच कोंडाईने त्याच्या पायावर पाय दिला. "पुरावा कसला, पंत? गरिबाचं लेकरू हाय, दया मागायची आमी." पंत गेल्यावर नाईक कळवळून म्हणाला, "भले माणूस ते! त्यांच्यावरही संशय?"

"आज समद्यांवर," कोंडाई म्हणाली. "तुमच्यावर बी."

दुपार टळू लागली नव्हती, पण सावल्या पायांखाली आल्या होत्या. कड्याच्या टोकापाशी धोंडजीला दोरखंडाने बांधून उभे केले होते. सारी शिबंदी भोवती जमली होती. सटवोजीने सरनौबतांपुढे मुजरा केला.

"सरकार, कडेलोटापूर्वी ती बंदूक सर्वांसमक्ष पाहावी, एवढी या म्हाताऱ्याची अर्जी आहे."

बाळोजींनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. क्षणभर वाटले, ते नाही म्हणणार, आणि ते नाही म्हणाले तर त्यांचेच काळेबेरे उघड झाले, असे टोळीने मनात ठरवूनही टाकले होते. पण ते म्हणाले, "आणा पेटी."

मोहर सर्वांना दाखवून फोडण्यात आली. इब्राहीमने रंजकवाटीतल्या काळ्या थराला नख लावले. दारूची काजळी बोटाला भुकटीसारखी लागते. हा थर पापुद्र्यासारखा सुटून आला. पापुद्रा त्याने मुठीत ठेवला. खाली, छिद्रात, पिवळे मेण जसेच्या तसे होते.

गर्दीत कुजबुज उठली. सटवोजीने हकीकत सांगितली. तेव्हा राघोपंत शांतपणे पुढे आले.

"सरनौबत, ममता माणसाला आंधळे करते. मेण ते काय! रंजकाच्या ज्वाळेने वितळले, बार झाला, आणि निवताना पुन्हा छिद्रात गोठले. मेणाने कधी आग अडते काय?"

बाळोजींच्या कपाळावर आठी चढली. युक्तिवाद बिनतोड होता. मेणावर बत्ती ठेवून खुद्द इब्राहीमनेही कधी पाहिले नव्हते. धोंडजी पुन्हा ओरडला, "मी नाही, सरकार! मी नाही!"

कोंडाईने पदर खोचला. "सरकार, भरा ती बंदूक. गोळी घाला, दारू घाला. आन माझ्यावर धरा."

"बाई, आज हत्यार पूजेत आहे."

"खुन्यानं कुठं पाळलं, सरकार? मेण मी भरलंय. म्या हुबी ऱ्हाते."

"कोंडे, वेडी झालीस?" सटवोजी धावला, तिने त्याला एका हाताने बाजूला सारले आणि दहा पावलांवर जाऊन ती बंदुकीसमोर उभी राहिली. बाळोजींनी स्वतः गज घालून दारू ठासली, स्वतः गोळी टाकली, वाटीत चिमूटभर रंजक ठेवले. बंदूक खांद्याला लावताना त्यांनी कोंडाईला शेवटचे बाजूला व्हायला खुणावले, आणि त्या खुणेने सटवोजीच्या मनातला त्यांच्याविषयीचा संशय प्रथमच ढळला. कोंडाईने डोळे मिटले नाहीत. जामगी वाटीत टेकली.

भप्पकन जाळ झाला, धूर उठला, आणि बार झालाच नाही.

कोंडाई उभी होती. बाळोजींनी बंदूक खाली घेतली आणि नकळत कपाळ पुसले. "बंदूक सुटलेली नाही," ते म्हणाले. "मग वाटीत हे काळे आले कोठून?"

इब्राहीमने मुठीतला पापुद्रा जिभेवर ठेवला. जळलेली दारू खारट लागते. त्याचे सारे आयुष्य त्या चवीत गेले होते. "सरकार, ही दारू नाही. हा डिंक आहे. काजळ आणि डिंक. ही शाई आहे."

शेकडो डोळे एकदमच राघोपंतांच्या कमरेच्या दौतीकडे वळले. पंतांनी हसण्याचा प्रयत्न केला, मग दोन पावले मागे सरले आणि एकाएकी तटाच्या दिंडीकडे धावत सुटले. चार हातांतच त्यांना लोकांनी खाली पाडले.

बालेकिल्ल्यातल्या पंतांच्या कोठाराचा झरोका देवळाच्या चौकावर उघडत होता, पायरीपासून वीस पावलांवर. तिथल्या नाचणीच्या कणगीत आखूड नळीची बंदूक सापडली, आणि तिच्याखाली एक आरसा. किल्लेदार पडताच सारे देवळाकडे धावले. ओस पडलेल्या शिलेखान्यातून पंतांनी धोंडजीची बंदूक उचलली होती. पेटती जामगी मागे झरोक्यापाशीच राहिली होती, वेळ तर मुळीच नव्हता. लिहिणाऱ्या माणसाला काळे हवे झाल्यावर त्याचा हात दौतीकडेच जायचा. किल्लेदार आणि गोलंदाज एकाच दिवशी नाहीसे झाले, की दसऱ्याच्या सकाळी गनीम सोंड चढून येणार, असा गनिमाशी केलेला करार पंतांनी त्या संध्याकाळी सदरेवर कबूल केला. पंतांचा कडेलोट फर्मावायला बाळोजींनी वेळ लावला नाही.

त्याआधी कड्यावरच सरनौबतांनी धोंडजीचे दोर स्वहस्ते कापले आणि ते म्हणाले, "घाई आमची झाली. हे आम्ही विसरणार नाही." तेवढे बोलायलाही त्या माणसाला जड गेले असावे. सटवोजी नाईक मात्र दूरच उभा राहिला. धोंडजीने त्याला मुजरा केला आणि पाठ फिरवली. तो राग त्याने पुढे तीन महिने धरला, आणि म्हाताऱ्याने तो निमूट सोसला.

दसऱ्याच्या दिवशी गनीम ठरल्याप्रमाणे सोंड चढून आला आणि दर्याबुरुजाच्या तोफेने त्याला दरीपर्यंत पोचवले. त्या धामधुमीआधी, नवमीच्याच संध्याकाळी, धोंडजी शिलेखान्याच्या ओट्यावर कोंडाईपाशी जाऊन बसला. ती सुईने त्याच्या बंदुकीचा कान मोकळा करीत होती.

"काकी, मेण आग अडवील याची तुला खातरी होती?"

"खातरी कुठली, मुडद्या? मेणावर बत्ती ठेवून बघितलीय कुणी?"

"मग उभी कशी राहिलीस?"

कोंडाईने बंदुकीवरून मान वर केली नाही. "तू वरडत हुतास न्हवं, मी नाही, मी नाही म्हणून. समदी मेणाकडं बघत हुती. म्या तुझं ऐकलं."

धोंडजीने तिच्या पायांवर डोके ठेवले आणि तो लहान मुलासारखा रडला. तिने त्याला रडू दिले. मग त्याच्या हातात बंदूक देऊन ती म्हणाली, "ऊठ. बुरूज रिकामा हाय."