भरलेलं घर

गल्लीच्या वळणावरचं ते घर विकायचं नव्हतं. फाटकावर पाटी नव्हती, दलालांच्या तोंडी त्याचं नाव नव्हतं, आणि म्हणूनच मावशीला ते हवं होतं. खाली तीन खोल्या, वर दोन, मागे कपडे वाळत घालायला मोकळी जागा, खिडक्यांना धुतलेली तावदानं. आत राहणारी माणसं दोनच, मालक आणि मालकीण. दोघांचंही वय झालेलं, आणि वर्षानुवर्षं त्या घरातून भांडं पडल्याचाही आवाज आलेला नव्हता.

मावशी तिला तोंडावर म्हणायचे. पाठीमागे सगळी गल्ली तिला कात्री म्हणायची. जन्मभर शिलाई मशीन चालवलं म्हणून म्हणत असतील, अशी खोटी समजूत तिने कधी करून घेतली नाही. कशासाठी म्हणतात ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि थोडा अभिमानही होता.

तिचं स्वतःचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यात थोरला, थोरली सून, त्यांची छोटी, धाकटा आणि त्याची नवी बायको. नव्या जोडप्याला बाहेरच्या खोलीत पडद्याआडची जागा. पडदा मावशीनेच शिवलेला, दुहेरी अस्तराचा. पण पडद्याला कितीही अस्तर लावा, त्याची भिंत होत नाही. एके दिवशी जेवताना धाकट्याने मान वर न करता सांगितलं की शहराच्या पार दुसऱ्या टोकाला भाड्याची जागा बघतोय.

"बघ की," मावशी म्हणाली. "मी गेले की तिथून फोन कर."

सगळे हसले. धाकटी सून सुद्धा हसली, आणि तिच्या प्रत्येक हसण्याच्या शेवटी यायची तशी एक उचकी आली, त्यावर पुन्हा सगळे हसले. मावशी हसली नाही. एकदा एक सुटलं की दुसरंही सुटतं. शिवण उसवते ती अशीच, एका टाक्यापासून. आपल्या जिवंतपणी हे घर उसवू द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

दलाल म्हणाला, "मावशी, ती माणसं विकणार नाहीत. विकायला काढलेली घरं दाखवतो ना चांगली."

"विकायला काढलेलं घर म्हणजे दुकानात टांगलेला ब्लाउज. दहा जणींनी अंगाला लावून पाहिलेला."

न विकायचं घर मागायची तिची एक रीत होती. राहतं घरसुद्धा तिने तसंच मिळवलं होतं. पैशाचा विषय आधी काढायचा नाही. आधी आपली माणसं सांगायची. कोण कुठे बसतं, कोण कसं हसतं, कोण कशावरून रुसतं, सगळं असं सांगायचं की समोरच्याला आपलं घर रिकामं वाटू लागलं पाहिजे आणि या माणसांनी ते भरावं असं त्याच्याच मनात यायला पाहिजे. माणूस विटा विकत नाही, पण जीव लागला की किल्ली काढून देतो. तिचा नवरा होता तोवर म्हणायचा, "तू मुलीला स्थळ सांगावं तसं घराला स्थळ सांगतेस."

एका सकाळी ती धुतलेलं पातळ नेसून फाटकातून आत गेली.

मालकिणीने दार उघडलं, या म्हटलं, पाणी दिलं. बैठकीच्या खोलीत खुर्च्या होत्या, पण एकीच्याही हाताला झीज नव्हती. भिंतीवर फोटो नव्हते. सगळ्यात नवल वाटलं ते वासाचं. प्रत्येक घराला आपला वास असतो, मावशी डोळे मिटून गल्लीतली घरं ओळखू शकली असती. या घराला वास नव्हता. मालक कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसला होता. मालकीण उजळ, सडपातळ, केस मागे घट्ट बांधलेले. कानात काही नाही, कानाच्या पाळ्या कोऱ्या कागदासारख्या.

मावशीने आधी थोरला काढला. बस चालवतो, अंगाने आडवा, पण दाढी करताना शीळ घालतो. एकच चाल, आणि ओठावरची दाढी आली की मध्येच थांबतो, तेवढं करून पुन्हा तिथूनच धरतो. अख्ख्या गल्लीला त्यावरून कळतं की पहिली बस निघायची वेळ झाली.

मालकीण ऐकत होती. ऐकताना तिचे ओठ किंचित हलत होते, पाठ करणाऱ्या मुलीसारखे.

"घर विकायचं नाही आम्हाला," ती शेवटी म्हणाली. "पण येत जा. तुम्ही छान सांगता."

मावशी खुशीत परतली. नाही म्हणणारा माणूस पुन्हा ये म्हणतो तेव्हा अर्धं काम झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने दाढी केली ती गुपचूप. घसा धरला असेल, मावशीला वाटलं. त्यानंतरच्या दिवशीही तेच. तिने विचारलं तर तो आरशातून तिच्याकडे बघत राहिला. "मी शीळ घालायचो?"

"नाही, मी घालायचे," मावशी म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. गाड्या हाकून डोकं शिणलं असेल.

पुढच्या खेपेला तिने सुना सांगितल्या. थोरली औषधांच्या दुकानात कामाला, घरी आली की चप्पल काढता काढता दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करते. धाकटीला हसू आवरत नाही, आणि हसून झालं की उचकी. दोघी एकमेकींना टोमणे मारतात, पण जेवतात एका ताटात. मावशी रंगात आली होती. एवढ्यात आतून, न्हाणीघराच्या बाजूने, शीळ ऐकू आली.

तीच चाल. एका जागी थांबली. ओठावरून वस्तरा फिरावा एवढा वेळ गेला, आणि तिथूनच पुढे सुरू झाली.

मावशीने मालकाकडे पाहिलं. मालक समोर बसला होता, हात मांडीवर, ओठ मिटलेले.

"आणखी कोण आहे घरात?"

"आता होईल सवय," मालकीण म्हणाली. एवढंच. कुणाला, कशाची, ते बोलली नाही.

भुताखेतांवर मावशीचा विश्वास नव्हता. चाल काय, कुणालाही येते. खिडकीतून आली असेल. पण घरी येताना तिने पूर्ण गल्ली पाहिली, एकाही खिडकीत कुणी दाढी करत नव्हतं.

त्या संध्याकाळी थोरली सून आली, चप्पल काढली, नीट जोडून ठेवली आणि हात धुवायला गेली. धाकटीने दोन ताटं वाढली. वेगवेगळी. मावशीने मुद्दाम एक जुना विनोद काढला, ज्यावर धाकटी हमखास लोटपोट व्हायची. धाकटी तोंडभर हसली, आवाज न करता. मावशी उचकीची वाट बघत राहिली.

शहाणी बाई इथेच थांबली असती. मावशी थांबली नाही, कारण हे तिला घडत असलेलं दिसत होतं पण पटत नव्हतं. पटावं म्हणूनच ती पुन्हा गेली. या वेळी धाकटा सांगितला, थोडासाच, जोखून बघायला. तो बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करतो, तापट आहे, रागावला की जेवणाचं ताट पुढे सारतो आणि घटकेत स्वतःच ओढून घेतो. सांगताना तिला वरच्या मजल्यावरून बाईचं हसणं ऐकू येत होतं. हसून झालं. उचकी आली.

घराला आता वास होता. फाटकातून शिरतानाच तिला तो आला होता आणि आपण चुकून आपल्याच घरी आलो असं क्षणभर वाटलं होतं.

घरी धाकटा जेवत होता. ताटात जे पडलं ते खात होता.

"जागेचं काय झालं रे? भाड्याच्या?"

"कसली जागा?" तो म्हणाला. "इथे काय वाईट आहे."

मावशीला हवं होतं ते झालं होतं. कुणीही कुठेही जाणार नव्हतं. सगळे वेळेवर उठत, कामाला जात, परत येत, एकमेकांना वाट देत. शेजारीण म्हणाली, मावशी, नजर लागावी अशी शांती आहे हो तुमच्या घरात, आमच्याकडे बघा कसा बाजार भरलेला असतो. एका सकाळी मावशी थोरल्याच्या मागे उभी राहिली आणि जमेल तशी ती चाल शीळ घालून ऐकवली. बोळक्या तोंडाने नुसती हवा जास्त निघाली. त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"छान आहे," तो म्हणाला. "कुठली आहे?"

उरली होती ती नात. तिच्याबद्दल मावशी कुठेच काही बोलत नसे. बाकीची माणसं मिरवायची होती, ही ठेवायची होती. बोलकी, हट्टी, आजीला अगं-तुगं करणारी पोर. दुपारी आजीच्या कुशीत झोपायची आणि झोपताना आजीच्या उजव्या कानाची पाळी मुठीत धरायची. सोडवली की रडायची. त्या एका कानाची पाळी दुसरीपेक्षा लांब झाली होती आणि कायम लाल, कोमट असायची. मावशीला तेवढं दुखणं आवडायचं.

शेवटचं म्हणून ती वळणावरच्या घरी गेली. बसली नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली की आमचं आम्हाला परत द्या, घर नको तुमचं.

मालकीण दारात उभी होती. तिच्या पाठीमागे पायऱ्यांवरून कुणी तरी धावत उतरलं, हसत. दिसलं कुणीच नाही. आत कुठे तरी ताट सारल्याचा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने ओढून घेतल्याचा.

"आम्ही काही घेतलं नाही. तुम्ही दिलंत."

"मग घरच द्या. आम्ही सगळे इथे येऊन राहतो."

"भरलेलं घर कोण विकतं?"

मावशीने पदर सावरला. ती वळली. फाटकाची कडी काढत होती तेव्हा मालकीण मागून, हळहळल्यासारखी, म्हणाली, "एकच वाईट वाटतं तुमचं. इतकी माणसं, पण घरात लहान मूल नाही. मुलाशिवाय घर म्हणजे शेवटी धर्मशाळाच."

आणि कात्री चालली. जन्मभर कुणाचं ऐकून न घेतलेली जीभ, ती थोडीच विचारून उघडणार. "धर्मशाळा तुमची असेल," मावशी वळून म्हणाली. "माझी नात माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपत नाही, कळलं?"

वाक्य संपायच्या आधीच तिने तोंडावर हात ठेवला होता. मालकिणीचे ओठ हलले. मग थांबले.

मावशी धावली. तिच्या वयाची बाई गल्लीतून धावताना पाहून लोक बाजूला झाले. घरी दुपार होती, पडदे ओढलेले, नात गादीवर पडलेली. मावशी धापा टाकत तिच्या शेजारी आडवी झाली आणि उजवा कान तिच्याकडे केला.

हात आला नाही.

मावशीने तो छोटा हात उचलून आपल्या कानाशी नेला, बोटं पाळीभोवती मिटवली. धरून ठेवली तोवर राहिली. सोडली तशी बोटं उलगडली आणि हात गादीवर घसरला.

पोरीने डोळे उघडले. छतावरून नजर आणून आजीकडे पाहिलं.

"तुम्हाला काही हवंय का?"

दलाल अजूनही भेटला की विचारतो, काय मावशी, मिळालं का ते घर? ती मान हलवते. बोलत नाही, आताशा फारसं कुणाशीच बोलत नाही. दुपारी घरात सगळे आपापल्या जागी गप्प पडले की ती उठते आणि वळणापर्यंत जाते. फाटकाला हात लावत नाही.

वरच्या खिडकीशी मालकीण बसलेली असते. खिडकीच्या कठड्याखालचं काही दिसत नाही. तिच्या एका कानाची पाळी अजून कागदासारखी पांढरी आहे. दुसरी लाल झाली आहे, खाली ओढल्यासारखी लांब. आणि मान त्या बाजूला जराशी कललेली, पोराला जाग येऊ नये म्हणून कलवतात तशी.