ठमीचं पाळणाघर

धूर बाहेर फेकणारा स्वयंपाकघरातला पंखा घरघरत होता, आणि शेगडी मात्र थंडगार होती... ठमीचे ओले कपडे दोरीवर टाकता टाकता थोरलीच्या ते ध्यानात आलं आणि तिच्या काळजात चर्र झालं!

घर एवढंसं. भिंती अशा, की एकाने कूस बदलली तर पलीकडच्या खोलीत दुसऱ्याला जाग यावी. त्यामुळे कुणापासून काही लपवायचं असलं की स्वयंपाकघरात जायचं, पंखा लावायचा आणि त्याच्या घरघरीत बोलून घ्यायचं, अशी पद्धत थोरलीच्या सासऱ्यांपासून पडलेली होती. गंमत अशी, की ही पद्धत घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होती! सासऱ्यांचा आजार सासूबाईंपासून ह्याच पंख्याखाली लपवला गेला, आणि पंखा लागल्या क्षणीच सासूबाईंना तो कळला. थोरलीचा नवरा गेला तेव्हा पुढे तिचं कसं करायचं हेही तिथेच बोललं गेलं. पण तेव्हा धाकट्या दिराने तिला हात धरून आत नेलं होतं. आज मात्र पंखा लागला होता आणि ती बाहेर होती.

ती दाराजवळ सरकली. चोरून ऐकणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण पायांनी ऐकलं नाही.

“...पिवळ्या फाटकवाल्यांचा दर कमी आहे, पण जेवणाचे पैसे वेगळे,” तिची धाकटी जाऊ, ठमीची आई, सांगत होती. “शाळेच्या वरच्या मजल्यावरचं दराने मधलं. आणि कारखान्यामागचं पाळणाघर सगळ्यांत महाग.”

“झेपेल आपल्याला?” हा दिराचा आवाज.

“झेपवायचं. पण ताईंना आत्ता कळता कामा नये हं! कळलं, की मुसळ केरात.”

हातातलं ठमीचं इवलंसं झबलं थोरलीने नकळत पुन्हा पिळलं, आधीच पिळलेलं असूनही. पाळणाघर! म्हणजे ठमीला आता बाहेर ठेवणार... आणि तिला सांगायचंही नाही! गरज सरो आणि वैद्य मरो, असंच ना? त्या रात्री तिने सगळ्यांना वाढलं, ठमीला भरवलं, भांडी विसळली. आणि आपलं पान तसंच झाकून ठेवलं.

ठमी सहा महिन्यांची झाली आणि धाकटीची रजा संपत आली, तेव्हाही पाळणाघराची गोष्ट निघाली होती. पण तेव्हा पंखा बंद होता. सगळे समोरासमोर बसले होते. थोरली तेव्हा कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा रंग जुळवायचा, म्हाताऱ्या माणसाचं हसणं त्याचं त्याला परत करायचं, हे तिचं काम. कुणी पांढरेशुभ्र दात मागितले की ती म्हणायची, “इतकं पांढरं कपबशीला शोभतं हो, माणसाला नाही!” त्या दिवशी पाळणाघराची फी आणि थोरलीचा पगार शेजारी शेजारी ठेवून पाहिले गेले, आणि फी जास्त निघाली. “मग त्यात काय, मीच पाळणाघर!” असं हसत हसत तीच बोलून गेली होती. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तिचा पगार लहान होता, म्हणून तिचं कामही लहान ठरलं. आणि ते सोडताना तिला आत कुठेतरी काय झालं, हे कुणी विचारलं नाही. तिने स्वतःलाही विचारलं नाही.

पुढे ठमीने तिला ‘मोठाई’ अशी पहिली हाक मारली आणि तिचं पोरकं अंतःकरण कृतार्थ झालं! पण वात्सल्याने कंबर दुखायची थांबत नाही. दिवसभर त्या वादळामागे धावून संध्याकाळी तिला जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागे. कुणी पाहिलं की ती म्हणे, “काही नाही गं, पाय भरून आला.” थकले असं म्हटलं तर हे लेकरू कुणी आपल्या हातून काढून घेईल, ह्या धास्तीने ती थकायचीही चोरूनच. आणि शेवटी तेच झालं होतं!

पहाटे तिने मनाशी ठरवलं. त्यांना संकोच वाटतो ना सांगायला? मग आपणच पाळणाघर पाहून ठेवू आणि हसत सांगू, ठमीला इथे घाला. जायचंच आहे तर ढकलून देण्याआधी आपणच उठावं... धाकटी विमा कचेरीत आणि दीर गोदामावर गेल्यावर तिने ठमीला कडेवर घेतलं आणि ती निघाली.

पिवळ्या फाटकाच्या बाई बोलायला घोटीव होत्या. दर ऐकून थोरलीला हायसं वाटलं. पण मग लंगोट वेगळे, जेवण वेगळं, आजारपणात मूल घरी राहिलं तरी फी पूर्ण, नाव काढलं तर अनामत परत नाही, असा तो दर मारुतीच्या शेपटीसारखा लांबत गेला.

“आत्ता कुणाकडे असते ही?” बाईंनी विचारलं.

“माझ्याकडे. मी मोठी आई तिची.”

“किती घेता?”

प्रश्न कळायलाच थोरलीला वेळ लागला. “काही नाही...”

“मग हलवता कशाला हो? फुकट ते पौष्टिक!” असं म्हणून बाई मनमोकळ्या हसल्या. थोरलीही हसली. फाटकाबाहेर आल्यावर मात्र तिने ठमीच्या मानेत तोंड लपवलं.

शाळेच्या वरच्या मजल्यावर खर्च सरळ सांगत होते, आणखी छुपं काही नाही. पण संध्याकाळी उशीर झाला की दंड, आणि घरच्यांना दाराच्या आत यायची परवानगी नाही. मूल खिडकीतून द्यायचं आणि खिडकीतूनच घ्यायचं. तिथली मुलगी समजूतदार होती. तिने थोरलीचा चेहरा पाहिला आणि धीर देण्यासाठी म्हणाली, “काळजी करू नका, मावशी. पहिले काही दिवस रडतात, मग विसरतात.”

विसरतात! तिने चांगल्या मनानेच सांगितलं होतं.

कारखान्यामागचं पाळणाघर घरापासून सगळ्यांत लांब. बसमध्ये ठमी मांडीवर पेंगली. हे ठिकाण थोरलीला ठाऊक होतं. कवळ्यांच्या कारखान्यात डबा खाताना मागच्या बाजूने त्या मुलांचा कलकलाट ऐकू यायचा. इतक्या लांबचं आणि इतकं महाग ह्यांना का हवं असावं? ती आत शिरली मात्र, ठमी कडेवरून घसरली आणि “घोडा! माझा घोडा!” करत कोपऱ्यातल्या लाकडी घोड्याकडे अशी धावली की जणू रोज तिथेच खेळत होती.

गेल्या दोन रविवारी ‘बागेत नेतो’ म्हणून नवराबायको ठमीला घेऊन गेले होते... ही ती बाग! म्हणजे सगळं ठरूनही गेलं!

“अरे, ही तर ठमी!” पाळणाघराच्या बाई पदर खोचत पुढे आल्या. केस पिकलेल्या, आवाज बसलेला, सकाळपासून दमलेल्या. “म्हणजे तुम्ही मोठाई? बसा, बसा. तुमच्यासाठी तर मी नियम बदलून बसलेय!”

“माझ्यासाठी?”

“हिची आई तीनदा येऊन गेली. लोक आधी फी विचारतात. ही बाई एकच धोशा लावून बसली होती. म्हणाली, फी मागाहून सांगा. आधी सांगा, माझ्या जाऊबाई मधल्या सुट्टीत येऊन मुलीजवळ बसल्या तर चालेल का? न कळवता आल्या तर? मनात आलं आणि लवकर घेऊन गेल्या तर? मी म्हटलं, अहो, असं सगळ्यांना देत नाही आम्ही. तर म्हणाली, सगळ्यांना मोठाई असतेच कुठे!”

“मधली सुट्टी... कसली मधली सुट्टी?”

“तुमच्या कारखान्याची की! पुढच्या महिन्यापासून तुम्ही जाणार ना?” बाई बोलता बोलता थांबल्या. थोरलीचा चेहरा पाहून त्यांनी जीभ चावली.

कारखान्याचे मालक मध्यंतरी घरी येऊन गेले होते. “तुमच्या हातासारखा हात मिळत नाही, परत या,” म्हणाले होते. थोरलीने दारातूनच नकार दिला होता आणि घरात अवाक्षर काढलं नव्हतं. परतताना बस चुकली तरी तिला कळलं नाही. ठमीला कडेवर घेऊन ती कितीतरी वेळ थांब्यावर तशीच उभी राहिली.

संध्याकाळी धाकटी आली, पर्स ठेवली, आणि थोरलीचे सुजलेले डोळे पाहून नेहमीच्या सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेली.

“लावू नकोस तो!” थोरली म्हणाली. “मोठ्याने बोल. मी आज कारखान्यामागे जाऊन आले.”

धाकटी मटकन खाली बसली. “मालक भेटले होते मला रस्त्यात,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही नाही म्हणालात, असं त्यांनी सांगितलं. तुम्हाला विचारलं असतं तर पुन्हा नाहीच म्हणाला असतात... म्हणून आधी सगळं पक्कं करणार होते.”

“आणि फी? ती कुणी भरायची? माझाच पगार जाणार असेल तर दिवसभर राबायचं ते लेकराला स्वतःपासून दूर ठेवायलाच की!”

“तुमच्या पगारातला छदामही नाही! माझ्या पगारातून जाईल, ताई. आम्ही म्हणायचो, आपलं पाळणाघर फुकट पडलं... फुकट? अहो, तुम्ही भिंत धरून उठता, मला दिसत नाही का? माझी नोकरी तुमच्या कमरेवर उभी आहे, आणि मी एकदाही...” ती रडू लागली.

थोरलीही रडत होती. पण मनातला सल अजून निघाला नव्हता. “मग लपवलंस का गं? मला वाटलं, मी ह्या घराला जड झाले. माझ्याकडे दुसरं आहे काय? ठमीच आहे ना!”

धाकटीने मान खाली घातली.

“खोटं कशाला सांगू... माझाही स्वार्थ आहे त्यात,” ती म्हणाली. “ती झोपेत दचकते ना, तेव्हा ‘मोठाई’ म्हणून रडते. मी शेजारीच असते, ताई! मी थोपटते, तर माझा हात ढकलून देते. तुमचा राग कधीच आला नाही... पण वाटायचं, पाळणाघरात गेली तर संध्याकाळी न्यायला मी जाईन. निदान त्या वेळी तरी ती माझी वाट बघेल.”

इतके दिवस थोरली स्वतःचीच झीज मोजत होती. ह्या पोरीने काय गमावलं, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं! तिने धाकटीला जवळ ओढलं आणि दोघी जमिनीवर बसून पोटभर रडल्या. तेवढ्यात ठमी आली, दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिली, आणि कुणीच आपल्याकडे लक्ष देत नाही म्हणून तिनेही भोकाड पसरलं.

कारखान्यात पहिल्या दिवशी थोरलीचे हात मेणावर अडखळले. मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती मागच्या गल्लीत गेली. ठमी तिला बिलगली, निघताना रडली, आणि पाळणाघराच्या बाईंनी तिला घोड्यावर बसवताच गप्प झाली. थोरली पुन्हा कामावर येऊन बसली. दुपार कलेपर्यंत तिचे हात पूर्ववत चालू लागले होते, ह्याचं तिला सुखही वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

संध्याकाळी ठमीला आणायला धाकटी गेली होती. थोरली आधी घरी पोचली. घर इतकं शांत होतं की तिला बसवेना. जिन्यात पावलं वाजली तशी तिने धावत जाऊन दार उघडलं. दारात धाकटी उभी होती, घामाने भिजलेली, एका हातात दोन पिशव्या, खांद्यावर गाढ झोपलेली ठमी. आणि ठमीच्या मुठीत आईची वेणी घट्ट धरलेली.

थोरलीचे दोन्ही हात सवयीने पुढे झाले.

“घेता का, ताई?” धाकटीने विचारलं.

थोरलीने पुढे केलेल्या हातांनी तिच्या पिशव्या घेतल्या.

“नको,” ती म्हणाली. “राहू दे तिला तुझ्याकडेच. उठेल उगाच.”